अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि तिसावा दिवस



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पोषण आणि त्यांचे डोळे, याविषयी चार गोष्टी सभासदांपुढे मांडाव्यात असे बरेच दिवस मनात होते. शेतकी खात्याच्या माणसाने डॉक्टरच्या बांधावर पाय कशाला ठेवायचा, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नाही, आणि औषध सांगणारही नाही. पण लागणीची नोंद ठेवणे, पाळी काढणे आणि तोडणीची तारीख चुकू न देणे हे आमच्या खात्याचे रोजचे काम आहे. या दुखण्यात निम्मे काम तारखेचेच आहे. म्हणून लिहितो.

माळशेज घाट उतरला की कल्याण लागते आणि कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. आपल्या गावांतील किती घरे आज तिकडे आहेत, हे जत्रेला येणाऱ्या गाड्या मोजल्या तरी कळते. मुंबईत खोली परवडत नाही म्हणून कुणी बदलापूरला घर घेतले, कुणी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले, कुणी उल्हासनगरात दुकानात किंवा कारखान्यात. लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आल्या. आणि पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज घाटाच्या दोन्ही अंगांना सारखाच आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते, सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन सासरी जाते.

आता असे समजा, की बदलापूरला दिलेल्या लेकीला माहेरी आठव्या महिन्यातच कळा आल्या. तालुक्याच्या ठिकाणी बाळंतपण झाले. बाळ दीड किलोचे. पंधरा दिवस काचेच्या पेटीत ठेवले, ऑक्सिजन लावला, बाळ तगले. घरच्यांनी देवाला नारळ फोडला आणि बाळ घरी आणले. कार्डावर डॉक्टरांनी ‘डोळे तपासणी’ असे लिहून तारीख टाकलेली असते, पण ती कोण वाचतो? बाळाचे डोळे तर टपोरे, काळेभोर दिसतात. शिवाय सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पुढे बारसे होते, लेक बदलापूरला जाते. तिकडच्यांना वाटते माहेरी तपासले असेल, इकडच्यांना वाटते तिकडे तपासतील. चौथ्या-पाचव्या महिन्यात आईच्या ध्यानात येते की लेकरू खुळखुळ्याच्या आवाजाकडे मान वळवते, पण दिव्याकडे बघत नाही. मग धावाधाव. तोवर डोळ्याचा पडदा सुटलेला असतो, आणि सुटलेला पडदा मोठ्या शस्त्रक्रियेनेही क्वचितच कामाला येतो.

यात वाईट कुणीच वागलेले नाही. आईबापांनी जीव टाकला, डॉक्टरांनी जीव वाचवला. तारीख तेवढी दोन घरांच्या मधल्या बांधावर पडून राहिली.

या दुखण्याला डॉक्टर लोक आरओपी म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटते, त्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात हळूहळू मधून कडेकडे वाढत जातात. पुरे दिवस भरता भरता त्या कडेपर्यंत पोचतात. बाळ लवकर जन्मले की हे काम अर्धवट राहते. सरीत पाणी सोडले आणि ते शेवटच्या वाफ्याला पोचण्याआधीच दारे मोडले, तर जे होते तसेच हे आहे. पुढे काही आठवड्यांनी कडेचा उपाशी राहिलेला पडदा रक्त मागू लागतो, आणि मग घाईघाईने भलतीकडे, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या गळतात, त्यांची वळी बनते, वळी आकसते आणि पडदा ओढून सोडवते. सुरुवातीच्या पायरीवरची पुष्कळ बाळे आपोआप बरी होतात. पण कोणते बाळ बरे होईल आणि कोणते नाही, हे बाहेरून दिसत नाही. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून, डोळ्याच्या डॉक्टरने आत पाहिले तरच कळते. काळ्या बुबुळात पांढरे दिसू लागते ते फार उशिरा.

ऑक्सिजनची गोष्ट आपल्या पाण्यासारखीच आहे. १९४२ साली अमेरिकेत बोस्टनच्या टेरी नावाच्या डॉक्टरांनी हे आंधळेपण प्रथम नोंदवले. काचेच्या पेट्या नव्याने आल्या होत्या, बाळाला भरपूर ऑक्सिजन म्हणजे चांगले, अशी समजूत होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवले आणि १९५४ च्या सुमारास मोठ्या चाचणीतून ते खरे ठरले. मग सगळीकडे ऑक्सिजन एकदम आखडता घेतला, तर जीव गमावणाऱ्या बाळांची संख्या वाढली. म्हणजे कमी पडले तर ऊस वाळतो आणि जास्त झाले तर मूळ कुजते. आज चांगल्या ठिकाणी बाळाच्या पायाला मापक लावून ऑक्सिजन मोजून देतात. तेव्हा ‘ऑक्सिजन लावला म्हणून डोळे गेले’ असे म्हणत डॉक्टरच्या अंगावर जाऊ नये. ऑक्सिजनशिवाय ते बाळ हाती लागले नसते. विचारायचे ते एवढेच, की मोजून देता ना, आणि डोळे कधी तपासायचे?

आता पोषणाचे. आपल्याकडे डोळे म्हटले की गाजर, पालेभाजी आणि अ जीवनसत्त्व. रातांधळेपणाला ते बरोबर आहे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मुलांना सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात तो त्यासाठीच, आणि तो चुकवू नये. पण आरओपी हे वेगळे दुखणे आहे. ते गाजराने टळत नाही आणि आईने काय खाल्ले नाही म्हणूनही होत नाही. सासूने सुनेला त्यावरून बोल लावू नये.

तरी पोषणाचा संबंध आहे, आणि तो वजनातून आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ज्या बाळाचे वजन नीट वाढत नाही, त्याला हे दुखणे जोराने होण्याचा धोका जास्त असतो, असे अनेक देशांच्या अभ्यासांत दिसले आहे. स्वीडनमध्ये तर आठवड्याच्या आठवड्याला वजन मांडून, कोणत्या बाळाचे डोळे जास्त जपायचे हे ठरवण्याची पद्धत बसवली. आपणही उगवण कमी दिसली की त्या सरीकडे जास्त लक्ष देतो, नांग्या भरतो. तीच दृष्टी इथे हवी.

वजन कशाने वाढते? पहिले उत्तर आईचे दूध. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईचे सुरुवातीचे दूध त्या बाळाच्या गरजेप्रमाणेच बनलेले असते. ज्या बाळांना आईचे दूध मिळते त्यांच्यात आतड्याची दुखणी आणि जंतुसंसर्ग कमी होतात, डोळ्याचे हे दुखणेही कमी दिसते. चीक काढून टाकणे, मध चाटवणे, गूळपाणी, गुटी, वरचे दूध हे सगळे या बाळाला घातक आहे. त्याला चोखायची ताकद नसली तर दूध हाताने काढून नळीने, आणि पुढे बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजतात. दूध येत नाही म्हणून आईला दोष देण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी दूध काढायला कुणीतरी तिच्याजवळ बसावे. दीड किलोच्या बाळाला नुसत्या आईच्या दुधात काही घटक कमी पडू शकतात. मग डॉक्टर त्या दुधात पूरक पूड मिसळतात, लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. ते मापाने द्यायचे असतात. युरिया जास्त टाकला म्हणून ऊस लवकर पिकत नाही, हे सभासदांना मी सांगायला नको.

याच स्वीडनमध्ये २०२१ साली एका चाचणीचे निकाल आले. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २०६ बाळांत काहींना दोन विशिष्ट स्निग्धाम्ले रोज पोटातून दिली. ती मिळालेल्या बाळांत डोळ्याचे गंभीर दुखणे शंभरात सुमारे सोळांना झाले, न मिळालेल्यांत सुमारे तेहतिसांना. म्हणजे पोषणाने डोळे वाचू शकतात, याला आता पुरावा मिळू लागला आहे. पण हे दवाखान्यातले, मोजून द्यायचे काम आहे. हे वाचून कुणी बाजारातून माशाचे तेल आणून बाळाला पाजील तर अनर्थ होईल.

दुसरे उत्तर ऊब. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून तासन् तास धरायचे. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, पेट्या पुरेनात म्हणून ही रीत सुरू झाली. तिला कांगारू पद्धत म्हणतात. गार पडलेले बाळ खाल्लेले सगळे ऊब राखण्यातच खर्च करते, त्याचे वजन कसे वाढणार? या रीतीने दूधही चांगले येते. आई थकली तर बापाने, आजीने धरावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

ज्या आईला दूध नाही तिचे काय? या बाबतीत उल्हासनगर-बदलापूरच्या मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर शीव आहे. तेथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली दूधपेढी. एका आईचे जादा दूध तपासून, तापवून, थंड ठेवून दुसरीच्या अशक्त बाळाला द्यायचे. माझ्या मते यापरता सहकार नाही. आपण दूधसंघाला दूध घालतो तेव्हा फॅटचा हिशोब मागतो. येथे बायाबापड्यांनी हिशोब न मागता दूध दिले आणि हजारो लेकरे तगली.

आता मूळ मुद्दा, तारखेचा. आपल्या देशातील नियम असा आहे: जे बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मले, किंवा ज्याचे जन्माचे वजन दोन किलोच्या आत आहे, त्याचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतले किंवा बाराशे ग्रॅमच्या आतले बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच तपासायचे. चौतीस ते छत्तीस आठवड्यांचे बाळही फार आजारी पडले असेल, ऑक्सिजनवर राहिले असेल, तर डॉक्टर तपासणी सांगतात. अमेरिकेत साधारण दीड किलोची रेघ धरतात. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही हे दुखणे होते म्हणून रेघ वर ओढली आहे. आणि एकदा दाखवले की झाले, असेही नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे लागते. दुखणे जोरात आढळले तर दोन-तीन दिवसांच्या आत लेसरचे किरण किंवा डोळ्यात इंजेक्शन, असे उपचार करतात. वेळेत केले तर बहुतेक बाळांची नजर वाचते.

येथे सव्वा महिन्याचा प्रश्न येतो. तिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आत पडतो, हे लक्षात घ्या. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, तान्ह्याला बाधा होऊ नये म्हणून जाणत्यांनी हा रिवाज घातला. हेतू चांगला आहे. पण ज्या काळात रिवाज पडला त्या काळात दीड किलोचे बाळ वाचतच नव्हते, त्यामुळे त्याच्या डोळ्यांचा विचार रिवाजात कुठून येणार? आज ते वाचते. म्हणून माझे घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, सांगणे आहे की अशा बाळापुरता उंबरा मोकळा करा. बाळाला उबेत गुंडाळून, आईच्या उराशी धरून न्या. बारसे पुढे ढकलता येते, तिसावा दिवस ढकलता येत नाही.

सरकारी बाजूने काही झाले नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सुरू झाला तो पालघरला, आणि पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्याच जिल्ह्यात. या कार्यक्रमाच्या यादीत हे दुखणे आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका मुलीच्या प्रकरणात, १९९६ साली सरकारी रुग्णालयात तिच्या आईबापांना ही तपासणी सांगितली गेली नाही म्हणून, पुढच्या उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे तपासणी सांगणे हे रुग्णालयावर बंधनकारक आहे. पण एवढ्या पैशाने त्या मुलीची नजर आली नाही. न्यायालय भरपाई देते, डोळे देत नाही.

आपल्या राज्यात गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. आज आशाताई घरोघर येऊन बाळाचे वजन करतात ते त्याच वाटेने. त्यांच्या ठरलेल्या भेटींत अठ्ठाविसाव्या दिवसाची एक भेट असते. त्या दिवशी त्यांना कार्ड दाखवा आणि ‘डोळ्यांचे काय’ असे आपणहून विचारा.

यापुढे माझे मत मांडतो. पटले तर घ्यावे, न पटले तर वार्षिक सभेत खोडून काढावे.

आपला कारखाना दरवर्षी नेत्रशिबीर घेतो. मोतीबिंदू काढून म्हाताऱ्या माणसांना दिसू लागते, हे पुण्याचे काम आहे, चालूच राहावे. पण शिबिराने या बाळांचे काम होणार नाही. शिबिराची तारीख आपण ठरवतो, चेअरमनसाहेबांची सवड पाहून ठरवतो. बाळाची तारीख त्याच्या जन्माबरोबर ठरलेली असते. बाळ कुणाच्या सवडीची वाट पाहत नाही. त्यासाठी मंडप नको, नोंदवही हवी.

गटऑफिसात आपण प्रत्येक प्लॉटची लागण तारीख लिहितो आणि त्यावरून तोडणीची पाळी काढतो. त्याच टेबलावर आणखी एक वही ठेवावी. सभासदाच्या घरात दोन किलोच्या आतले किंवा आठव्या महिन्याच्या मागचे-पुढचे बाळ झाले, मग ते लेकीचे असो वा सुनेचे, गावात झालेले असो वा बदलापुरात, की जन्मतारीख लिहायची आणि पुढच्या रकान्यात तिसावा दिवस. पंचविसाव्या दिवशी चिटबॉयने घरी जाऊन आठवण द्यायची. लेक तोवर सासरी गेली असेल तर फोन करायचा. बाळाचे नाव, घरचे दुखणे असले काही वहीत लिहायचे नाही, तारखा पुरेत. गाडीची अडचण असेल तर कारखान्याची जीप त्या दिवशी द्यावी. गळीत हंगामात जीप कमी पडते हे मलाच जास्त ठाऊक आहे, तरीही द्यावी.

कुठे जायचे, हा प्रश्न बाळ दवाखान्यातून सोडतानाच विचारून कार्डावर लिहून घ्यावा. डोळ्याचा प्रत्येक डॉक्टर ही तपासणी करत नाही, पडद्याचा जाणकार लागतो. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाने या कामात बरीच वर्षे घातली आहेत. घाटाखालच्या मंडळींनी उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांतले जे जवळ असेल तेथे चौकशी करून, तपासणी कोठे होईल याची चिठ्ठीच मागून घ्यावी. चौकशी विसाव्या दिवसाच्या आत करावी, एकोणतिसाव्या दिवशी नव्हे.

कुणी म्हणेल, हे कारखान्याचे काम नव्हे. माझे उत्तर साधे आहे. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला, आणि पुढे त्याच परिसरात लोणीला रुग्णालयही उभे राहिले. उसाच्या पैशातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, ते काही उपविधीत गाळपाच्या रकान्यात बसत नव्हते. एका वहीचा आणि जीपच्या डिझेलचा खर्च आपल्याला जड नाही.

आणि एक गोष्ट कडू आहे, पण बोलतो. आपल्या उसाला कोयता लावणाऱ्या बायांपैकी कितीतरी पोटुशा असतात. पहाटे चारला उठून मोळ्या वाहतात, कोपीत बाळंत होतात. अपुऱ्या दिवसांची आणि हलक्या वजनाची बाळे तेथे होणारच. त्यांचे गाव लांब, कार्ड गावाकडे, आणि हंगाम संपला की टोळी निघून जाते. आपल्या लेकींसाठी वही ठेवायची आणि आपल्या फडातल्या बाईच्या बाळाला वगळायचे, हे मला पटत नाही. मुकादमाकडून टोळीची यादी घेतो तेव्हाच कोण गरोदर आहे ते विचारावे, सातव्या महिन्यानंतर मोळी वाहायला लावू नये, आणि तिच्या बाळाची तारीख त्याच वहीत लिहावी. सभासदाने आपल्या फडापुरते हे पाहिले तरी पुष्कळ झाले. तिची तेवढी मजुरी बुडणार असेल तर ती कशी भरून द्यायची, याचा विचार संचालक मंडळाने करावा.

२०२० साली आपल्या देशात सुमारे तीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यातली आपल्या गटात किती, हे आज कारखान्याकडे लिहिलेले नाही. लागणीचा आकडा गुंठ्यात सांगणाऱ्या खात्याला हे शोभत नाही. येत्या हंगामाच्या नोंदी सुरू होतील तेव्हा ही दुसरी वही टेबलावर असावी, असा ठराव सभासदांनी सभेत मांडावा. सूचक कुणीही व्हावे, अनुमोदन द्यायला मी हात वर करू शकत नाही, कारण मी नोकर आहे. पण वही भरायला मी आणि माझे फिल्डमन तयार आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी